भूगोलाच्या मॅडम आणि पुण्याचा रस्ता

आमच्या भूगोलाच्या मॅडमना दिशा कळत नसत. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच कळत नसत. त्यांची सगळी नोकरी लोणावळ्यात गेली, घर बाजाराला लागून, आणि तरीही भाजी घेऊन निघाल्या की त्या घराकडे न जाता स्टेशनकडे चालू लागायच्या. मग भाजीवाल्या मावशी मागून ओरडायच्या, "ओ मॅडम, तिकडं न्हाई, हिकडं!" मॅडम जागच्या जागी वळायच्या, मावशींना हात करायच्या, आणि स्टेशनवर काहीतरी महत्त्वाचं काम होतं पण ते आत्ताच रद्द झालं, अशा थाटात घरी जायच्या.

वर्गात मात्र त्यांना तोड नव्हती. खडू एकदाही न उचलता फळ्यावर अख्खा महाराष्ट्र काढायच्या. कोकणातली एक खाडी चुकायची नाही की सह्याद्रीतला एक घाट. इंद्रायणी कुठून निघते, कुठे वळते, कुणाला मिळते, सगळं तोंडपाठ. पण हाच उगम प्रत्यक्ष दाखवायला म्हणून त्या आमचा वर्ग घेऊन निघाल्या, तेव्हा आम्ही भुशीच्या धरणावर जाऊन, कांदाभजी खाऊन परत आलो. मॅडमनी धरणाकडे बघून घेतलं आणि म्हणाल्या, "असो. पाणी आहे ना, पाण्याबद्दल बोलू." आणि भर गर्दीत, पायऱ्यांवर भिजणाऱ्या पर्यटकांसमोर, त्यांनी असा तास घेतला की दोन पर्यटकही बसून ऐकायला लागले.

एकदा वर्गातल्या एका मुलीने धीर करून विचारलंच, "मॅडम, तुम्हाला नकाशा एवढा पाठ आहे, मग रस्ता कसा चुकतो?"

मॅडम रागावल्या नाहीत. "नकाशा वरून काढलेला असतो," त्या म्हणाल्या. "मी खाली असते."

दिसायला त्या अगदी बेताच्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, केसांचा घट्ट अंबाडा. कडक इस्त्रीची सुती साडी आणि जूनपासून दसऱ्यापर्यंत त्या साडीखाली काळे, पुरुषी गमबूट. लोणावळ्याच्या पावसात चपलांचं काय होतं ते सगळ्यांनाच माहीत आहे, पण स्टाफरूममध्येही गमबूट घालून बसणाऱ्या त्या एकट्याच. पर्समध्ये कायम काकडी आणि घडीची सुरी. कुठेही, बसस्टॉपवर, मीटिंगमध्ये, परीक्षेच्या सुपरव्हिजनला, त्या काकडी कापून खायच्या आणि शेजारच्याला फोड द्यायच्या. शेजारी कोण आहे हे बघायच्या नाहीत.

आम्हा मुलींना त्या "अहो, तुम्ही" म्हणायच्या. प्रिन्सिपल सरांना मात्र "अरे" म्हणायच्या, कारण ते त्यांचे विद्यार्थी होते. फोनवरचा नकाशा त्यांना अजिबात आवडायचा नाही. भाचीने एकदा लावून दिला, तर त्यातली बाई "उजवीकडे वळा" म्हणाल्यावर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही कधी आला होतात का इकडे?" फोन बंद करून त्यांनी पर्सच्या तळाशी टाकला. तेव्हापासून तो बहुतेक वेळ तिथेच, बंदच असायचा. बॅटरी वाचते म्हणायच्या.

रस्ता चुकण्यावर त्यांचा एकच उपाय होता. विचारायचं. चिक्कीवाला, टेम्पोवाला, रेल्वेचा गँगमन, बंगल्याचा माळी, जो दिसेल त्याला. त्यामुळे लोणावळ्यात त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्यायली, सगळं त्यांना माहीत. रस्ता तेवढा लक्षात राहायचा नाही.

बारावीच्या मुलींसाठी त्यांचा एक उपक्रम होता. त्याला त्या 'हरवण्याचं प्रात्यक्षिक' म्हणायच्या. शनिवारी चारपाच मुलींना लोकलने तळेगावला न्यायच्या, कुठल्यातरी गल्लीत उभं करायच्या आणि म्हणायच्या, "आता मी चालले. फोन काढायचा नाही. विचारत विचारत स्टेशनवर या." जाताना सूचना. "सॉरी म्हणून सुरुवात करायची नाही, तुम्ही कुणाचं काही चोरलेलं नाही. मान वर. आवाज मोठा. आणि एकानं सांगितलं की लगेच विश्वास ठेवायचा नाही, पुढं जाऊन दुसऱ्याला विचारायचं."

आम्ही स्टेशनवर पोचायचो आणि मॅडमची वाट बघत बसायचो. त्या नेहमी आमच्यानंतर यायच्या.

एका मुलीच्या आईने तक्रार केली. प्रिन्सिपल सरांनी मॅडमना बोलावून घेतलं. आम्ही बाहेर कान लावून उभ्या. आत सर समजावत होते, मुलींची जबाबदारी, आजकालचे दिवस, वगैरे. मॅडमचा आवाज आला, "अरे, ह्या मुली उद्या पुण्याला जाणार, मुंबईला जाणार. तिथं हरवतीलच. मग पहिल्यांदा तिथं हरवायचं का इथं, एवढंच ठरवायचंय." थोड्या वेळाने सर दार उघडून बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात काकडीची फोड होती.

मी मात्र पुण्याला जाईन असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

आम्ही मूळचे परंदवडी गावचे. पप्पा खंडाळ्यातल्या एका हॉटेलात ड्रायव्हर, आई त्याच हॉटेलच्या लाँड्रीत. हॉटेलच्या मागे स्टाफच्या खोल्या आहेत, तिथे आम्ही राहतो. पप्पा पाहुण्यांना पुण्याला सोडतात, मुंबईला एअरपोर्टवर सोडतात, एकदा गेलेला रस्ता आयुष्यात विसरत नाहीत. बोलतात कमी. पण कॉलेजचा विषय निघाला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "पुणं मला पाठ हाय. म्हनूनच न्हाई म्हनतो."

एकदा मी चिडून म्हटलं, "काय बघितलंय तुम्ही पुण्यात एवढं?"

"काचंतनं बघितलंय," ते म्हणाले. "गाडी लावून रात-रात बसावं लागतं. लय काय काय दिसतं."

परंदवडीहून चुलत्यांचा फोन यायचा. त्यांनी माझ्यासाठी सोमाटण्याजवळच्या कंपनीत पॅकिंगचं काम बघून ठेवलं होतं. "आपल्या गावच्या चार पोरी जात्यात. गाडी दारात येती. वरीस-दोन वरीस करंल, मग बघू कुटं द्यायची ते," असं ते पप्पांना सांगायचे आणि पप्पा "बघू" म्हणायचे. त्या "बघू"ची मला भीती वाटायची. पप्पांचं "न्हाई" मागे घेता येत होतं. "बघू" एकदा ठरलं की ठरलं.

बारावीचा निकाल चांगला लागला. मी पेढे घेऊन मॅडमकडे गेले आणि तिथेच रडायला लागले. मॅडमनी रडू दिलं. मग विचारलं, "वडील अगदीच नको म्हणतात, का काही मधलं आहे?"

मधलं एक होतं. आई एकदा म्हणाली होती की पप्पा तिच्याजवळ बोलले, निदान निव्वळ मुलींचं कॉलेज असतं आणि हॉस्टेल आतच असतं, तर एखाद्या वेळेस विचार केला असता.

"मग आहे की!" मॅडम उठल्याच. "मी मुलींच्याच कॉलेजात शिकले. पुण्यात. हॉस्टेल आत."

मला ते फारसं आवडलं नाही. मैत्रिणी म्हणायच्या, मुलींचं कॉलेज म्हणजे शाळाच पुन्हा. मी तसं बोलून दाखवलं. मॅडम हसल्या.

"गॅदरिंगला बाकं कोण उचलतं आपल्याकडे?"

"मुलं."

"स्टेजवर लाइट कोण लावतं? पोलिसांची परवानगी आणायला कोण जातं? निवडणुकीला सेक्रेटरी कोण उभं राहतं?"

"मुलं."

"तिथं मुलं नसतात," मॅडम म्हणाल्या. "मग बाकं कोण उचलत असेल? आम्ही उचलली. जिन्यावरून पाडलीसुद्धा. नाटकात मी सेनापती होते. तुमच्या वडिलांना वाटतंय ती जागा फार सांभाळून ठेवणारी आहे. वाटू द्या."

दोन दिवसांनी त्या पप्पांना भेटायला खंडाळ्याला आल्या. चारला येणार होत्या, साडेपाच वाजले. आधी स्टेशनच्या पलीकडे गेल्या, मग कुठल्यातरी बंगल्यात शिरल्या. "तिथल्या आजींनी चहा दिला, फार चांगल्या आहेत," असं सांगत त्या आमच्या खोलीत आल्या आणि गमबूट दारात काढून भिंतीला टेकून बसल्या. पप्पा ड्यूटीवरून लवकर आले होते, नवा शर्ट घालून. सगळी उत्तरं त्यांनी तयार ठेवली असणार.

मॅडमनी कॉलेजचा विषयच काढला नाही. घाटात ब्रेक गरम झाला तर काय करता, ट्रक पाठीमागे लागला तर बाजू कधी देता, असं विचारत राहिल्या. आईची खुरासणीची चटणी दोनदा मागून खाल्ली. आणि मग "चला, येते" म्हणून उठल्या.

पप्पाच गडबडले. "मॅडम, कालेजचं बोलायला आल्ता ना?"

"आले होते," मॅडम म्हणाल्या. "पण भाऊ, मी सांगितलं म्हणून तुम्ही पाठवलंत, तर उद्या काही झालं की मला विचाराल. मला स्वतःचं घर सापडत नाही, मी कुठून उत्तर देणार? तुमची मुलगी आहे, तुम्हीच ठरवा."

हे काय बोलून बसल्या, असं वाटलं. बाहेर धुकं उतरलं होतं, म्हणून पप्पा त्यांना स्कूटरवरून सोडायला गेले. खंडाळ्याहून लोणावळ्याच्या बाजारात जायला कितीसा वेळ लागतो? पण तास गेला, अजून थोडा वेळ गेला, पप्पांचा पत्ता नाही. आई दारात जाऊन उभी राहिली.

पप्पा आले ते भिजलेले आणि हसत. पप्पांना असं आपले आपण हसताना मी फार वेळा बघितलेलं नाही.

"ही बाई," ते आईला म्हणाले, "ही बाई म्हंजे... मला म्हनल्या डावीकडं घ्या, मी घेतली. घर सापडत न्हाई म्हनल्या ती मला गंमत वाटली, मास्तरीन मानूस, त्यास्नी घर ठाव असनार. गेलो थेट भुशीला. मंग म्हनल्या, आता वळवा, उजवीकडं. तुंगार्लीला गेलो. धुक्यात म्होरचं काय दिसंना. तितं एका चहावाल्याला इचारलं त्यांनी. त्यो वळखीचाच निघाला, म्हनला, मॅडम, परत चुकला व्हय? मी म्हनलं, मॅडम, घर हाय कुटं नक्की? म्हनल्या, बाजारात! आरं देवा. बाजार म्हनल्या असत्या तर मी डोळं मिटून सोडलं असतं."

आई हसायला लागली. पप्पा टॉवेलने डोकं पुसत राहिले. मग हसू थांबलं त्यांचं.

"मी इचारलं त्यास्नी, मॅडम, एकल्या बाईमानसाला भीती न्हाई वाटत अशी? तर म्हनल्या, चुकले म्हंजे काय वाईट झालं का? इचारायचं. मानसं सांगत्यात." पप्पांनी टॉवेल दोरीवर टाकला. "तीस वरसं रोज चुकतीया ही बाई. आन् रोज घरी येतीया."

पप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला तर रस्ता ध्यानात ऱ्हातो. माज्यावर गेलीस त्यात. भर काय फारम भरायचा त्यो. पर बायकांचंच कालेज. आन् हास्टेल आत पायजे."

मॅडमनी हे मुद्दाम केलं का, असं मी पुढे त्यांना विचारलं होतं. त्या खऱ्या दुखावल्या. "मुद्दाम? अहो, तुमच्या वडिलांसमोर मला किती लाज वाटली त्या दिवशी."

अर्ज ऑनलाइन होता. लोणावळ्यातल्या एका सायबर कॅफेत मी आणि मॅडम बसलो. मी बीएस्सीला भूगोल लिहिला तर मॅडमनी माझा हात धरला. "माझ्यामुळे घेताय का? तसं असेल तर खोडा." मी म्हटलं, तुमच्यामुळे नाही, मला आवडतो. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि हात सोडला. शेवटी एक चौकट होती. आमच्याच महाविद्यालयात प्रवेश का हवा आहे? मी कॅफेवाल्याच्या मदतीने छान छान वाक्यं जुळवली. उज्ज्वल परंपरा, सर्वांगीण विकास. मॅडमनी ती वाचली आणि पुसायला लावली.

"खरं लिहा."

"खरं काय लिहू? पप्पा दुसरीकडे पाठवत नाहीत म्हणून?"

"मग तेच."

मी लिहिलं, घरचे फक्त मुलींच्या कॉलेजात पाठवायला तयार आहेत आणि मला शिकायचंच आहे. एवढंच. कॅफेवाला म्हणाला, असं कुणी लिहीत नाही. मॅडमनी त्याला काकडी दिली.

पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. परंदवडीहून फोन आला तेव्हा पप्पा बाहेर जाऊन बोलले. आत आले तेव्हा मी विचारलं, काय म्हणत होते? "पॅकिंगची भरती हाय म्हनं सोमवारी," पप्पा म्हणाले. "बघू म्हनलं."

ते चार-पाच दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आईबरोबर लाँड्रीत चादरींच्या घड्या घालत होते. चादर झटकली की आई म्हणायची, "आगं हळू, फाडशील." मॅडम रोज निरोप पाठवायच्या, दुसरी यादी असते, शांत राहा. दुसरी यादी लागली. नाव सापडलं तळाशी, अगदी खालच्या ओळीत. पण होतं. दुसऱ्या दिवशी मूळ कागद घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. पप्पांना नेमकी त्या दिवशी लांबच्या पाहुण्यांची ड्यूटी होती, आईला सुट्टी मिळेना. मॅडम म्हणाल्या, "मी नेते. माझंच कॉलेज आहे."

आई आणि पप्पांनी एकमेकांकडे बघितलं.

"रस्ता तू बघ," पप्पा मला हळूच म्हणाले. हॉस्टेलच्या कागदावर त्यांनी आधीच सही करून ठेवली होती, वळणदार, शाळेतल्यासारखी.

सकाळच्या लोकलने आम्ही शिवाजीनगरला उतरलो. मॅडम गमबुटात. रिक्षाने बरोबर सोडलं, कारण पत्ता मी सांगितला होता. पण रिक्षातून उतरताच मॅडम जोरात चालायला लागल्या, "या, या, इकडून गेट आहे," आणि एका भिंतीसमोर येऊन थांबल्या. भिंतीला टेकून रसवंतीगृह होतं. "इथूनच जात होते मी," मॅडम म्हणाल्या. रसवाल्याने ऊस घालता घालता सांगितलं, "मॅडम, ते गेट बंद करून जमाना झाला. मागच्या बाजूनं जा."

आत गर्दी होती. शेवटचा दिवस. खिडकीसमोर मुलींची आणि आयांची रांग जिन्यापर्यंत आली होती. खिडकीवर लिहिलं होतं, कागदपत्रांच्या दोन-दोन झेरॉक्स. माझ्याकडे एकेकच होती.

"तुम्ही रांग सोडू नका," मॅडम म्हणाल्या. "दुकान समोरच दिसलं मला. आत्ता आणते." आणि मी तोंड उघडायच्या आत माझी फाइल काखोटीला मारून त्या निघूनही गेल्या. सगळे मूळ कागद त्यात होते.

रांग सरकत राहिली. मॅडम आल्या नाहीत. मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. माझ्यापुढे आता थोड्याच मुली उरल्या होत्या. आतल्या क्लार्क बाई मोठ्याने म्हणाल्या, "जेवणाच्या सुट्टीनंतर फक्त एक तास. नंतर खिडकी बंद, मग माझ्याकडे रडत यायचं नाही." सोमवारची पॅकिंगची भरती डोळ्यांसमोर आली.

माझ्या मागे बारामतीकडची एक मुलगी होती, आईबरोबर आलेली. तिने सकाळपासून सगळं बघितलं होतं. ती म्हणाली, "तुझ्या मॅडम गेल्यात ना? जा तू, शोध. मी जागा धरते. नंबर आला तर दुसऱ्यांना पुढं सोडीन."

मी रस्त्यावर आले. पुण्याचा तो रस्ता, दोन्ही बाजूंनी गाड्या, आणि मी एकटी. मग वाटलं, ह्या बाई जिथे जातील तिथे कुणाला तरी विचारत जातील. मी झेरॉक्सवाल्याकडे गेले. सॉरी म्हटलं नाही.

"गमबूट घातलेल्या मॅडम आल्या होत्या का?"

"आल्या होत्या की! झेरॉक्स काढल्या. मग मलाच विचारलं, कॉलेज कुठंय. मी म्हटलं, समोर. तर त्या डावीकडे गेल्या. मला वाटलं दुसरं काम असेल."

डावीकडे फळांची गाडी होती. गाडीवरच्या बाई म्हणाल्या, "माझ्याकडनं काकड्या घेतल्या आन् त्यातली एक मलाच दिली. विचारत होत्या, पोरींचं कॉलेज कुठं. मी म्हटलं पोरींची शाळा हाय त्या गल्लीत." गल्लीच्या तोंडाशी ट्रॅफिक पोलीस उभा होता. त्याच्या हातातही फोड. त्याने काही न बोलता शिट्टी तोंडात ठेवूनच गल्लीकडे बोट दाखवलं.

ती खरंच मुलींची शाळा होती. मोठा व्हरांडा, आणि व्हरांड्यात आयांची रांग, प्रत्येकीच्या हाताशी दोन वेण्यांची मुलगी. पाचवीचे प्रवेश चालू होते. आणि रांगेच्या अगदी पुढे, बाकावर, माझी फाइल मांडीवर घेऊन मॅडम बसल्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"आलात? बरं झालं. तुमचाच नंबर धरून बसलेय. पुढची आपलीच." मग जवळ वाकून म्हणाल्या, "पण यंदा काय हो, फारच लहान मुली आल्यात."

मला हसू आवरेना आणि रडूही. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही पळत सुटलो. गमबुटांचा धप धप आवाज. पोलिसाने आमच्यासाठी गाड्या थांबवल्या.

रांगेत बारामतीची मुलगी ठाम उभी होती. तिने तिच्यापुढे किती जणींना सोडलं होतं, तिलाच माहीत. खिडकीतल्या क्लार्क बाईंनी माझे कागद एकेक करून बघितले. दाखला हातात घेऊन त्या थांबल्या.

"ह्याला काकडीचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

"ताजी आहे," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी मान वर करून आधी मॅडमकडे, मग खाली गमबुटांकडे बघितलं. मग शिक्का उचलला. एक इथे, एक तिथे, हॉस्टेलच्या कागदावर एक. "सोळा तारखेला सामान घेऊन या. पुढे."

एवढंच. मी बाजूला झाले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. इतके दिवस छातीवर जे बसलं होतं ते उठून गेलं आणि त्या जागी नुसती हवा आली, असं वाटलं. मॅडम शेजारी येऊन बसल्या. बारामतीची मुलगीही शिक्का घेऊन आली. पुढची तीन वर्षं ती माझी रूममेट होती.

पप्पांना फोन केला. गाडीत पाहुणे असणार. मी म्हटलं, "झालं, पप्पा." पलीकडून हॉर्न ऐकू आले. मग पप्पा म्हणाले, "बरं." आणि फोन बंद.

संध्याकाळी लोणावळ्याला उतरलो तर पप्पा प्लॅटफॉर्मवर उभे होते, युनिफॉर्मवरच, हॉटेलची गाडी बाहेर. मॅडमना म्हणाले, "मॅडम, घरी चला. हिच्या आईनं पिठलं टाकलंय."

"पिठलं?" मॅडम म्हणाल्या. "मग चला."

खोलीत आईने तीन ताटं वाढली होती. आई एकेक भाकरी तव्यावरून काढायची, आणि "मग त्या पोलिसानं काय केलं?" असं विचारायची, आणि मॅडम सांगायच्या, आणि आई हसता हसता भाकरी करपवायची. पाचवीच्या रांगेचं ऐकून तर तिला ठसका लागला. आई इतकी मोकळी कधी हसली होती, मला आठवत नाही. मॅडमनी तिसरी भाकरी घेतली. त्या जोरात होत्या. पुढच्या वर्षी कुठल्या मुलीला कुठल्या कॉलेजात पाठवायचं ते हात हलवून सांगत होत्या.

मधेच आईने ओठांवर बोट ठेवलं.

पप्पा भिंतीला टेकून झोपले होते. बसल्या बसल्या, ताट पुढ्यात, हातात भाकरीचा तुकडा तसाच. आई पुटपुटली की काल रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. पहाटे गाडी पुसायला गेले ते त्यांनी ती दोनदा पुसली.

मॅडम बोलायच्या थांबल्या. त्या पुढे सरकल्या, हळूच पप्पांच्या बोटांतला तुकडा काढून घेतला आणि ताटात ठेवला. आईने चूल मंद केली. कितीतरी वेळ आम्ही तिघी तशाच बसून राहिलो. कुणीच भांड्याचा आवाज केला नाही.